चाच्यांच्या खेळात खलाशी का बिथरतात?

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात राहणाऱ्या आणि अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका वाचकाचा प्रश्न असा आहे. ‘सिड मायर्स पायरेट्स!’ या संगणकीय खेळाची २००४ सालची आवृत्ती त्यांनी सुट्टीत खेळायला घेतली. इंग्रजांची बाजू आणि १६४० चा कालखंड निवडला. आता त्यांचा नायक २७ वर्षांचा झाला आहे, ताफ्यात पाच जहाजे आणि २४० माणसे आहेत आणि तिजोरीत ९,००० सोन्याची नाणी आहेत. तरीही खलाशी बिथरलेले आहेत, ताफ्यातले एक जहाज माणसांसकट पळून गेले आहे, आणि गॅलियन जातीचे मोठे, जड स्पॅनिश जहाज समोर आले की प्रत्येक वेळी मार खावा लागतो. त्यांच्या मित्रांच्या मते हा नुसता लुटालुटीचा खेळ आहे, त्यात भूमिका वठवण्यासारखे काही नाही. त्यांना स्वतःला मात्र कान्होजी आंग्र्यांसारखे खेळायचे आहे आणि ते या खेळात जमेल का, अशी पृच्छा त्यांनी केली आहे.

मी हा खेळ बरीच वर्षे खेळत आणि नव्या खेळाडूंना शिकवत आलो आहे, आणि जवळजवळ प्रत्येक नवा खेळाडू याच जागी येऊन अडतो, असा माझा अनुभव आहे. खलाशांची नाराजी, गॅलियनकडून होणारा पराभव आणि भूमिकेचा अभाव या तीन वेगळ्या तक्रारी दिसत असल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे. तुम्ही सोने, जहाजे आणि माणसे मोजत आहात, आणि हा खेळ मात्र प्रथमपासून शेवटपर्यंत वेळ मोजत असतो.

मूळ खेळ मायक्रोप्रोज या कंपनीने १९८७ साली कमोडोर ६४ या संगणकासाठी काढला. तुम्ही खेळत आहात ती आवृत्ती सिड मायर यांच्याच देखरेखीखाली फिरॅक्सिस या कंपनीने २००४ मध्ये नव्याने घडवली. दोन्हींचा गाभा सारखाच आहे. सतराव्या शतकातील कॅरिबियन समुद्र, त्यावर इंग्रज, फ्रेंच, डच आणि स्पॅनिश अशा चार सत्ता, आणि कर्जापायी ज्याचे कुटुंब मार्क्विस मोंटाल्बान या दुष्ट सरदाराने पकडून नेले आहे असा एक तरुण नायक. सुरुवातीला १६००, १६२०, १६४०, १६६० आणि १६८० या पाच कालखंडांपैकी एक निवडता येतो. १६०० मध्ये जवळजवळ सगळी बंदरे स्पॅनिशांची असल्यामुळे लूट विकायला आणि माणसे भरती करायला आसरा मिळत नाही, म्हणून तो कालखंड नवख्याने घेऊ नये. तुमचा १६४० चा कालखंड मध्यम आहे. १६६० सर्वांत सोयीचा आहे, पण एवढ्यासाठी डाव मोडण्याची गरज नाही.

या खेळात दोन घड्याळे एकाच वेळी चालू असतात. पहिले घड्याळ नायकाच्या शरीराचे आहे. तो तरुणपणी समुद्रावर उतरतो आणि वर्षे लोटतील तसा थकत जातो. तलवारीचा वार उशिरा पडू लागतो, गव्हर्नरच्या मुलीबरोबरच्या नृत्यातली पावले चुकू लागतात आणि शेवटी निवृत्तीशिवाय पर्याय उरत नाही. निवृत्तीच्या वेळी त्याची संपत्ती, मिळालेली जमीन, हुद्दे, लग्न, शोधून काढलेले नातेवाईक, हरवलेली शहरे आणि पराभूत केलेले प्रतिस्पर्धी चाचे या सर्वांचा हिशेब होऊन त्याचे उरलेले आयुष्य कसे जाईल हे ठरते. आरंभी जी पाच कौशल्ये समोर येतात त्यांपैकी वैद्यकाचे कौशल्य हे घड्याळ थोडे मंद करते. तलवारबाजी आणि तोफखाना ही कौशल्ये आकर्षक दिसतात, तरी पहिल्यांदा खेळणाऱ्याला मी वैद्यक किंवा नौकानयन घ्यायला सांगतो. नौकानयनामुळे जहाज वेगाने चालते, म्हणजे त्यातूनही शेवटी वेळच वाचतो.

दुसरे घड्याळ खलाशांचे, आणि तुमची खरी अडचण तिथे आहे. खलाशी पगारी नोकर नाहीत. लुटीतल्या वाट्याच्या आशेवर ते तुमच्याबरोबर आलेले आहेत. सफर जितकी लांबते तितकी त्यांची नाराजी वाढते, आणि प्रत्येक माणसामागे तिजोरीत किती सोने आहे यावर ती नाराजी किती लवकर वाढणार हे ठरते. तुमच्या आकड्यांवरून हे स्पष्ट दिसते. ९,००० नाणी २४० माणसांत भागली तर माणशी साडेसदतीस नाणी होतात. तीच रक्कम सत्तर माणसांच्या जहाजावर असती तर माणशी १२८ पेक्षा जास्त पडली असती आणि तुमचे खलाशी डेकवर गात बसले असते. याचा अर्थ तुम्ही गरीब नाही आहात, तुमच्यामागे खाणारी तोंडे जास्त झाली आहेत. तोंडे हा शब्दही शब्दशः घ्यावा, कारण इतकी माणसे दर महिन्याला किती अन्न फस्त करतात हे मालाच्या यादीत पाहिले की खलाशांना पोसण्यासाठीच आपण बंदरामागून बंदर धरतो आहोत, हे लक्षात येते.

नव्या खेळाडूचा स्वभाव असा असतो की खानावळीत गेले आणि तीस माणसे यायला तयार असली की त्याला नाही म्हणवत नाही. त्याचप्रमाणे पकडलेले प्रत्येक जहाज तो ताफ्यात ओढतो. खेळात संपूर्ण ताफा सर्वांत मंद जहाजाच्या वेगाने चालतो. शिडे फाटलेले एक लाकडी धूड मागे असेल, तर तुमचे स्लूप, म्हणजे लहान चपळ जहाजसुद्धा त्याच्याच चालीने जाते, आणि ज्या अंतराला दहा दिवस लागायचे त्याला महिना लागतो. तो महिना दोन्ही घड्याळांत मोजला जातो. पकडलेले जहाज जवळच्या मित्र बंदरात विकता येत असेल तरच ठेवावे. बंदर लांब असेल, तर त्यातला माल आणि तोफा काढून घेऊन जहाज बुडवण्यात काहीही वाया जात नाही.

पकडलेल्या जहाजावरून कधी कधी कसबी माणूस तुमच्याकडे येतो, आणि त्याची किंमत पुष्कळ खेळाडूंना कळत नाही. स्वयंपाकी आणि क्वार्टरमास्टर (खलाशांची व्यवस्था पाहणारा अधिकारी) हे दोघे खलाशांची नाराजी लांबणीवर टाकतात, पिंपे बनवणारा कूपर अन्नाची नासाडी कमी करतो, सुतार आणि शिडे शिवणारा कारागीर समुद्रावरच डागडुजी करतात, शल्यवैद्यामुळे लढाईत माणसे कमी दगावतात. या सगळ्यांत मी स्वयंपाकी आणि क्वार्टरमास्टर यांना अग्रक्रम देईन. ही दोन माणसे मिळेपर्यंत लहान जहाजांच्या मागे लागण्यात घालवलेला काळ पुढे भरून निघतो.

नाराजीवर खरा उपाय एकच आहे, तो म्हणजे लुटीची वाटणी. कुठल्याही मित्र बंदरात जाऊन सफर संपवायची, प्रत्येकाला वाटा द्यायचा आणि नव्याने सुरुवात करायची. वाटणीनंतर माणसे पांगतात, ताफा मोडतो, हाताशी मुख्य जहाज उरते आणि खेळातले काही महिने जातात, म्हणून पुष्कळ जण वाटणी टाळतात. ही काटकसर अंगाशी येते. वाटणी होईपर्यंत तिजोरीतले सोने तुमचे नसतेच, आणि निवृत्तीच्या हिशेबात जी संपत्ती धरली जाते ती वाटणीनंतर कप्तानाच्या पदरात पडलेली असते. खेळाची काठिण्यपातळी जितकी वरची तितका कप्तानाचा वाटा मोठा. त्यामुळे सगळ्यांत सोप्या ॲप्रेंटिस पातळीवर भरमसाट लूट करूनही हाती फारसे काही लागत नाही. नवी सफर सुरू करताना एकेक पायरी वर चढणे शहाणपणाचे आहे. खलाशी ओरडू लागण्याच्या आधी, ते आनंदी असतानाच बंदर गाठावे. संतापलेले खलाशी लढाईतही कच खातात आणि तेव्हा वाटणीला उशीर झालेला असतो.

आता वाऱ्याविषयी. शाळेच्या भूगोलात आपण व्यापारी वारे शिकलो, पण ते कुणाच्या व्यापाराला उपयोगी पडले हे या खेळात तळहातावर दिसते. कॅरिबियनमध्ये वारा बहुतेक वेळ पूर्वेकडून वाहतो. पश्चिमेला जाणारे जहाज सुसाट जाते आणि पूर्वेला परतणारे जहाज रखडते. तुमच्या पत्रातल्या वर्णनावरून तुम्ही पश्चिमेकडचे एक मित्र बंदर आणि बार्बाडोस यांच्यामध्ये सतत ये-जा करता असे दिसते. त्यातला अर्धा प्रवास दरवेळी वाऱ्याच्या तोंडावर होतो, आणि तुमच्या नायकाच्या तारुण्याचा बराच भाग त्यात वाहून गेलेला आहे.

त्याऐवजी सफर एकाच दिशेची आखावी. पूर्वेच्या टोकाला बार्बाडोस किंवा मार्टिनिकला माणसे घ्यावीत, दक्षिणेला उतरून मुख्य भूमीचा, म्हणजे दक्षिण अमेरिकेचा किनारा धरावा आणि मार्गारिटा, कुमाना, काराकास, माराकायबो, सांता मार्ता, कार्ताहेना असे पश्चिमेकडे सरकत जावे. ही सारी श्रीमंत स्पॅनिश बंदरे एका ओळीत आहेत, त्यांच्यामध्ये मालवाहू जहाजांची वर्दळ असते आणि वारा सतत पाठीशी राहतो. वाटेत डचांचे क्युरासाव आहे, तिथे साखर, मसाले आणि उंची माल विकता येतो. कार्ताहेना किंवा पोर्तोबेलोपर्यंत पोहोचलात की उत्तरेला वळून एखादे मित्र बंदर गाठावे आणि तिथेच वाटणी करावी. पुढची सफर एका चपळ स्लूपवर, अगदी मोजक्या माणसांनिशी सुरू करून बेटांच्या कडेकडेने पूर्वेला यावे. लहान जहाज वाऱ्याच्या जवळून चालू शकते आणि मोजकी माणसे लवकर कुरकुरत नाहीत. मोठी भरती पूर्वेला पोहोचल्यावरच करावी. वादळाचे काळे ढग दिसले की नवा खेळाडू पळतो, पण कडेकडेने गेल्यास तिथला जोरदार वारा फुकटचा वेग देतो. मध्यभागी शिरलात तर मात्र शिडांच्या चिंध्या होतात.

गॅलियनचा प्रश्न सविस्तर पाहण्यासारखा आहे. खासबाग मैदानात कुस्ती जोड बघून लावतात, तसे इथेही लढाईच्या आधी समोरच्या जहाजावरच्या तोफा, माणसे आणि वाऱ्याची दिशा बघायला पाहिजे. तुम्ही गॅलियनला समांतर जाऊन तोफा डागता असे लिहिले आहे. त्या लढाईत तुमचे हरणे आधीच ठरलेले असते, कारण त्याच्या एका बाजूला तुमच्या दोन्ही बाजू मिळून होणार नाहीत इतक्या तोफा असतात. परंतु या खेळात जहाजाच्या तोफा फक्त बाजूंना असतात. नाळेसमोर (पुढच्या टोकाला) आणि पिछाडीला तो कितीही मोठा असला तरी आंधळा असतो. शिवाय तो जड आहे, वळायला त्याला फार वेळ लागतो. या दोन गोष्टींवर सगळा डाव उभा करायचा.

समजा, काराकासच्या समोर पश्चिमेला चाललेले एक गॅलियन तुम्हाला दिसले आणि तुमच्याकडे साठ माणसांचे एक स्लूप आहे. लढाई सुरू होताच त्याच्या पूर्वेला, म्हणजे वाऱ्याच्या वरच्या अंगाला राहा, म्हणजे कधी जवळ जायचे हे तुमच्या हातात राहते. पूर्ण शिडे लावून अंतर तोडा, पण त्याच्या तोफांच्या टप्प्यात येण्याच्या थोडे आधी शिडे आवळा. आवळलेल्या शिडांनी वेग कमी होतो, जहाज मात्र लवकर वळते, आणि फडफडणारी पूर्ण शिडे उघडी नसल्यामुळे त्यांचे नुकसानही कमी होते. तो बाजू दाखवण्यासाठी वळू लागेल. तुम्ही त्याच दिशेने, त्याच्यापेक्षा आतल्या वर्तुळात वळत राहा, म्हणजे त्याची पिछाडी तुमच्या बाजूच्या तोफांसमोर येत राहील आणि त्याच्या तोफा रिकाम्या समुद्राकडे रोखलेल्या राहतील. त्याने एक बार काढला की दुसरा भरेपर्यंत तुमच्या हाती मोकळी जागा असते, त्या जागेत जवळ सरका.

पहिले तीन-चार बार साखळी-गोळ्यांचे असावेत. त्यांनी शिडे आणि डोलकाठ्या फाटतात-तुटतात आणि गॅलियन जवळजवळ जागच्या जागी उभे राहते. एकदा ते झाले की पिछाडीच्या आणखी जवळ या आणि छर्रे वापरा. छर्ऱ्यांचा पल्ला अगदी कमी, पण ते डेकवरची माणसे टिपतात. समोरची संख्या तुमच्या साठाच्या खाली आली असे दिसले की जहाजाला जहाज भिडवा. भरीव गोळ्यांचा मोह टाळावा, कारण त्यांनी लाकूड फुटते, तोफा निकामी होतात आणि जास्तच झाले तर ज्या मालासाठी एवढा खटाटोप केला तो माल समुद्राच्या तळाशी जातो. साखळी-गोळे आणि छर्रे जहाजावर आयते नसतात, ते बंदरातल्या जहाजबांधणी करणाऱ्याकडून विकत घेऊन बसवावे लागतात आणि प्रत्येक बंदरात सगळ्या सुधारणा मिळत नाहीत. कुठल्या गावात काय मिळते याची वहीत नोंद ठेवा. मुख्य जहाजावर ही दोन साधने बसवल्याशिवाय गॅलियनच्या वाटेला जाऊच नये, तोवर लहान मालवाहू जहाजांवर भागवावे.

जहाज भिडल्यावर दोन कप्तानांत तलवार चालते आणि मागे दोन्हीकडच्या खलाशांची झोंबाझोंबी सुरू असते. ती मागची लढाई पुष्कळांच्या नजरेत येत नाही. तुमची माणसे जास्त असतील तर काळ तुमच्या बाजूने आहे, सावकाश वार अडवत राहावे. कमी असतील तर मात्र धाडस करून प्रतिस्पर्ध्याला लवकर मागे रेटावे लागते. हरलात तर जहाज जाते, तुरुंगवास नशिबी येतो आणि त्यात जे महिने जातात ते कुणी परत देत नाही.

ही लढाई वाचताना आंग्र्यांच्या आरमाराची आठवण झाली असेल तर ती रास्त आहे. इंग्रजांची मोठी व्यापारी जहाजे वाऱ्यावर अवलंबून असत, आणि मराठ्यांची गलबते वारा पडला तरी वल्ह्यांवर चालत आणि गुराबांना, म्हणजे आपल्या मोठ्या लढाऊ जहाजांना, ओढून जागेवर आणत. मोठ्या जहाजाच्या बाजूच्या तोफा टाळून मागच्या अंगाने जायचे, आधी शिडे-डोलकाठ्या मोडायच्या आणि ते पांगळे झाल्यावर सगळ्या गलबतांनी मिळून माणसे चढवायची, ही त्यांची पद्धत होती. खेळात वल्ही मारून लढण्याची सोय नाही. पण स्लूपवरून गॅलियन घेण्याची कला तीच आहे.

पण आंग्र्यांसारखे खेळायचे म्हणजे केवळ त्यांच्यासारखे लढायचे असे मी समजत नाही. कान्होजी आंग्रे हे सरखेल होते, राज्याच्या वतीने किनाऱ्यावरचा दर्या राखणारे अधिकारी होते. त्यांचे दस्तक, म्हणजे समुद्रात जाण्याचा परवाना, घेतलेले जहाज सुरक्षित जात असे आणि दस्तक न घेता जाणारे जहाज पकडले जात असे. मुंबईकर इंग्रजांना स्वतःची दस्तके चालवायची होती म्हणून त्यांनी या माणसाला चाचा ठरवले. आपल्या करवीर राज्याच्या वाट्यालाही हाच शिक्का आला. कोल्हापूरच्या महाराणी जिजाबाईंच्या कारकिर्दीत मालवणचे आरमार इंग्रजांच्या जहाजांना हात घालते म्हणून त्यांनी १७६५ मध्ये सिंधुदुर्ग घेतला, त्याला फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले आणि पुढच्या वर्षी परत केला. अखेरीस १८१२ च्या तहाने मालवण आणि सिंधुदुर्ग कायमचे इंग्रजांकडे गेले. कोल्हापूरला आज समुद्र नाही म्हणून आपल्याला ही गोष्ट दूरची वाटते. ज्या काळाचा हा खेळ आहे त्याच्या पुढच्याच शतकात कोल्हापूरचा झेंडा समुद्रावर फडकत होता आणि इंग्रजी कागदपत्रांत त्या झेंड्याखालच्या लोकांना चाचे म्हटले जात होते.

कॅरिबियनमध्येही चाचा कोण आणि सरकारी नोकर कोण हे कागदावरून ठरत असे. हेन्री मॉर्गनने १६६८ मध्ये पोर्तोबेलो लुटले ते जमैकाच्या गव्हर्नरने दिलेल्या अधिकारपत्राच्या बळावर. १६७० मध्ये इंग्लंड आणि स्पेन यांचा माद्रिदला तह झाला आणि १६७१ च्या आरंभी मॉर्गनने पनामा घेतले. कृती तीच, पण मधल्या काळात तह झालेला असल्यामुळे त्याला पकडून इंग्लंडला नेण्यात आले. पुढे राजकारण फिरले, त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली आणि तो जमैकाचा उपगव्हर्नर म्हणून परतला.

खेळाच्या पोटात हीच व्यवस्था आहे, आणि तुमच्या मित्रांचे मत मला पटत नाही ते यामुळे. चारही सत्ता एकमेकींशी लढतात आणि तह करतात. ज्या सत्तेच्या शत्रूचे जहाज तुम्ही घेता तिचा गव्हर्नर आधी शत्रूची जहाजे लुटण्याचा परवाना देतो, मग कॅप्टन, मेजर, कर्नल, ॲडमिरल आणि पुढे बॅरनपासून ड्यूकपर्यंत हुद्दे चढवत नेतो आणि सोबत जमीन देतो. ज्यांना लुटता ते तुमच्या डोक्यावर इनाम लावतात आणि त्यांच्या बंदरातले किल्ले तुमच्यावर तोफा डागतात. खेळ तुम्हाला चौघांकडून एकाच वेळी हुद्दे उकळू देतो, आणि बहुतेक खेळाडू तेच करतात. त्या पद्धतीने खेळल्यास तुमच्या मित्रांचे म्हणणे खरे ठरते, कारण मग नायकाला स्वतःची अशी बाजूच राहत नाही.

भूमिका हवी असेल तर एक नियम स्वतःच घालून घ्या. एकाच सत्तेचा परवाना आयुष्यभर बाळगायचा आणि तिचे ज्याच्याशी युद्ध आहे त्याच्याच जहाजाला हात लावायचा. एवढ्या एका बंधनाने खेळ बदलतो. बंदरातली बातमी, जी आजवर तुम्ही न वाचता पुढे ढकलत होता, ती सर्वांत महत्त्वाची होते. कार्ताहेनासमोर दबा धरून बसलेले असताना तह झाल्याचे कळते, हाताशी आलेले गॅलियन सोडून द्यावे लागते, आणि साठ माणसे तुमच्या तोंडाकडे बघत उभी राहतात. त्या क्षणी तुम्ही तह पाळता की खलाशांना पाळता यावरून तुमचा नायक कोण हे ठरते. पाळला नाही आणि एखाद्या सत्तेचा रोष झाला, तर किनाऱ्यावरच्या जेझुइट मठातले धर्मगुरू तुमची रदबदली करू शकतात. ही सोय खेळात आहे, तिचा वापर भूमिकेला शोभेल तेव्हाच करावा.

शांततेच्या काळात करण्यासारखे उरत नाही, अशी शंका येईल. त्या काळात प्रतिस्पर्धी चाच्यांचा माग काढा. त्यांना बुडवल्याने कोणाचाही तह मोडत नाही, त्यांच्याकडे घबाड असते आणि कीर्तीही मिळते. (इतिहासाच्या दृष्टीने ही यादी म्हणजे खिचडी आहे. १७१८ मध्ये मारला गेलेला ब्लॅकबिअर्ड आणि एकोणिसाव्या शतकातला जाँ लाफित हे दोघेही तुमच्या १६४० मध्ये मजेत फिरताना दिसतात. इतिहासाच्या परीक्षेला बसणाऱ्यांनी खेळावर विसंबू नये.) गव्हर्नरच्या मुलींबरोबरचे नृत्य, नकाशाचे तुकडे, खजिने आणि पळवलेले नातेवाईक या गोष्टी वाटेत पडतील तशा कराव्यात. नृत्यात जमत नसेल तर संगीताकडे लक्ष द्यावे आणि हाताच्या खुणा पाहाव्यात, यापेक्षा त्यात अधिक गुपित नाही. आणि हा खेळ अंकांच्या वेगळ्या कळपट्टीसाठी बनवलेला आहे. तुमच्या लॅपटॉपला ती नसेल तर यूएसबीने जोडायची छोटी अंकपट्टी संगणकाच्या दुकानात मिळते. तलवारबाजीतले निम्मे पराभव तिच्या अभावी होतात. बंदर सोडताना डाव जतन करण्याची सवय लावा, कारण पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा आपल्याकडे नेम नसतो.

तुमच्या जतन केलेल्या डावाचे काय करावे, हा प्रश्न उरला. नवा डाव मांडू नका, २७ हे वय मुळीच जास्त नाही. या क्षणी तुम्ही त्या पश्चिमेकडच्या मित्र बंदरापासून जवळ आहात असे तुमच्या वर्णनावरून दिसते, तर कोणाशीही न लढता थेट तिथे जा. पाचांपैकी जे जहाज सर्वांत चपळ आहे ते मुख्य म्हणून ठेवा आणि बाकीची चार त्यांच्यावरच्या जादा तोफा आणि मालासह विकून टाका, कारण वाटणीनंतर ती तशीही तुमच्याकडे राहणार नाहीत. गव्हर्नरला भेटा, मिळायचा राहिलेला हुद्दा असेल तो घ्या, आणि युद्ध कोणाशी चालू आहे ते विचारून घ्या. मग वाटणी करा. त्या २४० माणसांना जाऊ द्या, त्यांच्याविषयी हळहळू नका. नव्या सफरीला साठच्या आसपास माणसे घ्या, तिथे साखळी-गोळे मिळत असतील तर बसवा, नसतील तर वाटेतल्या प्रत्येक इंग्रज बंदरात चौकशी करा, आणि बेटांच्या आडोशाने पूर्वेला निघा. बार्बाडोसला पोहोचेपर्यंत एखादा स्वयंपाकी हाती लागला तर उत्तमच. तिथून दक्षिणेला कुमानाकडे वळाल तेव्हा वारा मागून येत असेल, आणि इंग्लंडचे स्पेनशी युद्ध चालू असेल, तर पहिले गॅलियन तुम्हाला काराकासच्या अलीकडेच भेटेल.